घोडीचा डावा कान

मार्थाबाई,

कान अजून टेबलावरच आहे. तुम्ही ठेवलात तिथेच, तुमच्या उजव्या हातमोज्यावर, टोक भिंतीकडे. रोज सकाळी मी वर्कशॉपचं शटर वर करतो, पंखा लावतो, कान उचलून त्याच्यावरची धूळ फुंकतो आणि होता तसा ठेवून देतो. हुफूफची धूळ तुम्हाला नवी नाही. दार कितीही घट्ट लावा, सकाळी ती आपल्या आधी आत येऊन बसलेली असते.

लोखंडाची घोडी एका कानावर उभी आहे. तबेल्यातला बशीर येता-जाता तिच्याकडे बघतो आणि मला टोकतो, "यार हनीफ, इसका कुछ कर. लगता है बेचारी आधी बात सुन के रुक गई है."

काल मालक आले, अबू फहद. तुमच्या खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "हनीफ, शुक्रवारी पाहुणे येतायत. कान लावून टाक. दोन्ही कान पुढे. खलास."

मी म्हटलं, "तय्यब, शेख."

'बरं'शिवाय दुसरं काय म्हणणार? माझा इकामा, या देशात राहायचा परवाना, त्यांच्या नावावर आहे. आणि खरं सांगायचं तर तुम्ही होतात तेव्हा मीही त्यांच्याच बाजूने बोलत होतो. दोन्ही कान पुढेच असावेत, घोडी रुबाबदार दिसते, असं तुम्हाला मीच म्हणत होतो. तुम्ही हट्टाला पेटल्या होतात. उजवा पुढे, डावा मागे. ते भांडण अर्धं टाकून तुम्ही हॉस्पिटलात गेलात आणि परत आलाच नाहीत. आता भांडायला तुम्ही नाही आणि निकाल मी लावायचा. बाई, हे काही बरं नाही केलंत.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल की नाही, मला लख्ख आठवते. रास तनुराचं रिफायनरीतलं पाइप वेल्डिंगचं काम संपलं, ठेकेदाराने माणसं कमी केली, तेव्हा मी हुफूफला गेट बनवायच्या दुकानात लागलो होतो. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. एके दिवशी दुपारी दारात एक उंच, पांढऱ्या वेणीची, उन्हाने रापलेली गोरी बाई येऊन उभी राहिली. रुंद काठाची हॅट, टाचेचे बूट आणि चामडी पट्ट्यावर फुलं कोरलेली. मला वाटलं, रस्ता चुकली. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ भंगाराच्या ढिगाकडे गेलात, ट्रकच्या स्प्रिंगचा तुटका पाटा ओढून काढलात, हवेत धरलात आणि एक डोळा बारीक केलात.

"हे बघ," मला म्हणालात, जशी काही आपली जुनी ओळख. "बरगडी."

मला पाटाच दिसत होता.

मग कळलं की अबू फहदच्या मझऱ्यावर, म्हणजे खजुराच्या बागेतल्या त्यांच्या शेतावर, अरबी घोडे आहेत. शम्मा नावाची घोडी त्यांची फार लाडकी. तिची लोखंडातली घोडी करायला त्यांनी तुम्हाला पार अमेरिकेतून, वायोमिंगहून, बोलावलं होतं. वायोमिंगला गाईगुरं राखणाऱ्या घोडेस्वारांच्या घरात तुम्ही वाढलात. खोगिरं शिवणं, चामड्यावर फुलं ठोकणं, कातड्याच्या बारीक पट्ट्यांचे दोर वळणं हे सगळं लहानपणी हातात आलेलं. लोखंड तुम्ही पुढे शिकलात. आणि तुम्हाला एक वेल्डर हवा होता.

इथे वेल्डर पुष्कळ आहेत. मलाच का नेलंत, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं आणि तुम्हाला कारण सापडलं नाही तर, ही भीती. मी असाच आहे. रास तनुराला आमच्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघायचा. आत केसाएवढी पोकळी दिसली तर जोड कापून पुन्हा करायचा. ते काम सुटलं, पण तो एक्स-रे माझ्या डोक्यातून गेला नाही. कुणी नुसतं माझ्या कामाकडे बघत उभं राहिलं तरी मी झालेला जोड पुन्हा तपासायला लागतो. तुम्ही तासन्‌तास माझ्या मागे उभ्या असायचात आणि मला वाटायचं, आता काढणार, आता चूक काढणार. तुम्ही मात्र घोडी बघत असायचात. मी त्यात कुठे नसायचोच. ते कळल्यावर मला जरा वाईटही वाटलं होतं, तुमच्यापाशी काय लपवू.

पहिल्याच आठवड्यात मी मोठा प्रताप केला. तुम्ही मानेचे पट्टे जोडून दिलेत आणि मालकांबरोबर दम्मामला गेलात. दुकानात मला शिकवलेलं असं, की जोड झाला की ग्राइंडर मारायचा, पुट्टी भरायची, रंग द्यायचा. जोड दिसला तर गेट परत येतं. म्हणून मी दिवसभर राबून तुमचा एकेक जोड घासून असा गुळगुळीत केला की माशी बसली तर घसरावी. आणि वर तुमची वाट बघत बसलो. शाबासकी मिळेल म्हणून!

तुम्ही आलात, हॅट काढलीत, मानेवर हात फिरवलात आणि म्हणालात, "अरे देवा. तू माझ्या घोडीची हजामत केलीस."

बशीरला मी ते हिंदीत सांगितलं तेव्हा तो गवताच्या पेंढीवर आडवा पडून हसला होता. पुढे कितीतरी दिवस तो मला हज्जाम म्हणायचा.

तुम्ही रागावला नाहीत. तुमचं जुनं खोगीर आणलंत, माझ्या मांडीवर ठेवलंत आणि त्याची शिवण दाखवलीत. जाड मेणाचा दोरा, टाक्याला टाका लागून. "शिवण लपवली तर बसणाऱ्याने कशावर भरवसा ठेवायचा?" असं म्हणालात. त्यानंतर मी जोड घासला नाही. जोड दिसायचाच आहे म्हटल्यावर तो नीट घालावा लागतो, हे मात्र आपोआप आलं. अख्ख्या रिफायनरीत मी एवढं सावकाश काम केलं नव्हतं.

तुम्हाला मी 'बाई' कधीपासून म्हणायला लागलो? 'मॅडम' म्हटलेलं तुम्हाला चालत नव्हतं. नुसतं 'मार्था' माझ्या तोंडातून निघेना, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. मग 'बाई' आलं. बशीर तर उडालाच, "तौबा करो! हमारे यहाँ बाई कोठेवाली को बोलते हैं." मी म्हटलं, तुमच्याकडे काय बोलतात ते तुमच्याकडे ठेव. तुम्ही अर्थ विचारलात तेव्हा मी "मानाची बाईमाणूस" एवढंच सांगितलं. त्यापुढचं सांगायला इंग्रजी पुरलं नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीवरच्या गावात मराठी शाळा होती आणि शाळेत शिकवणारी म्हणजे बाई. सकाळी हजेरी व्हायची. नाव पुकारलं की उभं राहून म्हणायचं, "हजर, बाई." सातवीनंतर बाबा मचव्यावर घेऊन गेले आणि पटावरचं नाव गेलं. तेव्हापासून कुणाला बाई म्हणायची वेळ आली नव्हती. चाळिशी उलटल्यावर, समुद्र ओलांडून, ती हुफूफच्या एका शेडमध्ये आली. हे तुम्हाला सांगायचं होतं. रोज उद्यावर टाकलं.

आणखी एक राहिलं. पट्टा. तुम्ही माझ्यासाठी चामड्याचा पट्टा करायला घेतलात आणि विचारलंत, तुझ्या गावाला कुठलं फूल येतं? मी म्हटलं सुरंगी. ती काय असते? आता सुरंगी कशी सांगायची! झाडाच्या फांदीला चिकटून येते, बारीक असते, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळा गुच्छ, बायका पहाटे काढतात, उन्हं वर आली की हाताला लागत नाही, वळेसर करून केसात माळतात, वास तर असा की घरात आणली तर शेजारी कळतं. मी हातवारे करून सांगत होतो, तुम्ही मान हलवत ठोकत होतात. लाकडी हातोडी, टोकाला नक्षी असलेले तुमचे ते लोखंडी ठसे, आणि ओलसर चामडं. टक टक टक. फूल उमलत गेलं. मी रात्री घरी फोन लावून झुबेदाला पट्टा दाखवला.

"ता काय सुरंगीचा फूल हाय व्हय?" आमची मंडळी म्हणाली. "ता तर कारल्याचा फूल!"

"गप गो. बाईंनी केलाय."

"मग कारल्याचाच घाल कमरंला. तुला शोभतो."

आज घातलाय. रोजच घालतो. कारल्याचं फूल असलं तरी जगात दुसऱ्या कुणाच्या कमरेला नसेल.

मूर्तीवरूनही माझा जीव खालीवर होत होता, ते तुम्ही ओळखलं होतंत. घरी मी 'घोड्याचं लोखंडकाम' एवढंच सांगत होतो. जित्या जनावराची आकृती करायची, आमच्यात काहींना ते चालत नाही. एकदा धीर करून तुम्हाला विचारलंच, की बाई, हे करणं बरोबर आहे ना? दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, नाहीतर भाषण केलं असतं. तुम्ही हातातलं लोखंड फिरवून बघितलंत. मग म्हणालात, "घोडा देवाने आधीच केलाय, हनीफ. माझ्याच्याने तो होणार आहे का? मी भंगारातून त्याची आठवण ठेवते, बस." मला ते पटलं की मला ते पटवून घ्यायचंच होतं, अजून कळत नाही. पण त्या दिवशी मी मशाल पेटवली आणि काम पुढे नेलं, एवढं खरं.

आता कानाचं.

शम्माचे फोटो काढायला माणूस आला होता, तो दिवस. बशीर समोर उभा राहून प्लास्टिकची पिशवी फडफडवत होता आणि शम्मा दोन्ही कान टवकारून, मान ताणून, अगदी राणीसारखी उभी होती. अबू फहद खूश. म्हणाले, हीच. अशीच पाहिजे. मलाही वाटलं, हीच. तुम्ही वर्कशॉपमध्ये आल्यावर बूट आपटलात.

"त्या दोन्ही कानांत काय आहे माहीत आहे? पिशवी आहे. घोडी रुबाबात नाही उभी, घाबरून उभी आहे."

मी म्हटलं, "पण बाई, कान मागे म्हणजे घोडा रागावलेला. बशीरच सांगतो."

"दोन्ही मागे चिकटवले तर राग. एकच वळवला तर ती ऐकतेय."

"कुणाचं?"

"पाठीवरच्याचं."

"पाठीवर तर कुणी नाहीये. आपण स्वार केलाच नाही."

"म्हणून तर!" तुम्ही एवढ्या जोरात म्हणालात की बाहेरचं कबुतर उडालं.

मला नाही कळलं. मला एवढंच दिसत होतं की मालक एक सांगतायत, तुम्ही दुसरं सांगताय आणि वेल्डिंगची मशाल माझ्या हातात आहे. मी म्हटलं, बाई, मालकांची घोडी आहे, त्यांना हवी तशी करून द्या ना, आपलं काय जातं? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. जसं काही मी फार दुरून बोलतोय आणि तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. मग म्हणालात, "तू एकदा शम्मावर बस. मग भांड."

बसलो नाही. तुम्ही कितीदा म्हणालात, मी कितीदा टाळलं. आज पाठ दुखते, आज ऊन आहे, आज नवी विजार आहे. होडीत जन्म काढलेला माणूस मी, होडी उलटली तर पोहता येतं. घोडा उलटला तर काय करायचं?

दोन्ही कान तुम्ही एकाच लोखंडातून घडवलेत. तुमच्या वडिलांची नालबंदीची कानस, घोड्याचे खूर घासायची, झिजून गुळगुळीत झालेली. ती तुम्ही घरून, कपड्यांत गुंडाळून, आणली होती. तापवून, ठोकून, दुमडून तिचे दोन कान केलेत. आतल्या बाजूला कानशीचे दात तसेच ठेवलेत, घोड्याच्या कानातल्या केसांसारखे. उजवा आपण दोघांनी मिळून लावला. त्या वेळी मला तीनतीनदा बजावलंत, की हे जुनं, कडक पोलाद आहे. आधी नीट तापव, मग जोड, आणि मग घाईने गार होऊ देऊ नकोस, नाहीतर तडा जाईल. आणि एकदा जोडलेला पुन्हा कापून लावायला गेलास तर गेलाच समज. दुसरी कानस नाही. दुसरे वडील नाहीत.

डावा उद्या लावू म्हणालात. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. मालकांनी स्वतः गाडी काढली. मी मागच्या सीटवर तुमची हॅट धरून बसलो होतो. तुम्ही मला म्हणालात, "चेहरा असा काय केलास? मी बरी आहे. कान हलवू नकोस." त्यावर मी म्हणालो, "नाही हलवत, बाई." शेवटचं बोलणं म्हणायचं तर हे.

तुम्हाला घरी पाठवायचे कागद झाले, पेटी गेली. मी विमानतळापर्यंतही जाऊ शकलो नाही, मालकांची माणसं गेली. आमच्याकडे मयताला खांदा देतात, तीन मुठी माती देतात, मग माणूस जरा मोकळा होतो. मला ना खांदा मिळाला ना माती. तुमच्यासाठी काय वाचावं तेही कळेना. शेवटी वर्कशॉप झाडलं. चामड्याचे कपटे गोळा केले, ठसे पुसून ओळीने लावले, हातोडी खुंटीला अडकवली. कान हलवला नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. आता पुढचं.

बुधवारी सकाळी मी बशीरला म्हटलं, "शम्मा को निकाल. मुझे बैठना है."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला ताप आहे का ते बघायला कपाळाला हात लावतो की काय. "तू? होश में है?"

"बाई का ज़ीन डाल."

"वो बड़ा भारी है, हज्जाम. और तेरे पाँव नहीं पहुँचेंगे."

खरंच नाही पोचले. तुमच्या रिकिबी तुमच्या लांब पायांच्या मापाच्या. बशीर आखूड करायला लागला, मी नको म्हटलं. पाय लोंबकळत ठेवून, खोगिराची पुढची मूठ दोन्ही हातांनी आवळून बसलो. हसू नका. तोंडपाठ जेवढ्या दुवा येत होत्या तेवढ्या सगळ्या वाचून झाल्या होत्या. बशीर दोर धरून पुढे चालायला लागला, आणि खालची सगळी जमीन हलली. होडीसारखीच हलली, पण होडीला मन नसतं.

मी घाबरलो की आपोआप आमची खाडीवरची भाषा येते. "हळू गो," मी म्हटलं, "अगो बाय, हळू."

आणि डावा कान वळला.

बाई, मी वरून बघितलं ते. उजवा कान बशीरकडे, वाटेकडे, पुढे होता. डावा हळूच वळून माझ्याकडे आला, जसं कुणी काम करता करता दार जरा किलकिलं करून म्हणतं, बोल, ऐकतेय. मी गप्प बसलो. कान पुढे गेला. मी पुन्हा म्हटलं, "ऐकतंस काय गो?" कान पुन्हा मागे. घोडीने एकदाही मान वळवली नाही, चाल मोडली नाही. तिला वाटही बघायची होती आणि मलाही ऐकायचं होतं.

इतके महिने मी घोडीसमोर उभा राहून तुमच्याशी भांडत होतो. समोरून हे दिसतच नाही. समोर उभं राहणाऱ्याला पिशवीच फडफडवावी लागते.

"क्या हुआ? रो रहा है क्या?" बशीरने पुढूनच विचारलं.

"धूल है. तू चल."

गुरुवारी मी डावा कान लावला. मागे वळवून.

धाडसी माणूस म्हणून नाही, बाई. माझी गाळण उडाली होती. मशाल पेटवण्याआधी दोनदा खाली ठेवली. मालकांनी हाकललं तर इकाम्याचं काय, झुबेदाला काय सांगायचं, पुन्हा कुठलं गेट, कुठली ग्रिल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खडूने जागा आखली, पुसली, पुन्हा आखली. एक डोळा बारीक करून बघितलं, तुम्ही बघायचात तसं. मग तापवलं. सावकाश, सगळीकडून, तुम्ही बजावलं होतंत तसं. जोड घातला. भट्टीला लावतात ती पांढरी लोकर गुंडाळली आणि स्टूल घेऊन समोर बसून राहिलो. तडा जाताना लोखंड आवाज करतं, टिंग असा. मी कान लावून बसलो होतो त्या आवाजासाठी. दुपारनंतरची, अस्रची अजान झाली, नमाज पढून आलो, पुन्हा बसलो. आवाज आला नाही.

लोकर सोडली तेवढ्यात अबू फहद आले.

त्यांनी बघितलं. भुवया जवळ आल्या. "हनीफ, मी काय सांगितलं होतं?"

"दोन्ही पुढे, शेख."

"आणि हे काय आहे?"

रस्ताभर काय काय जुळवून ठेवलं होतं, पिशवी, स्वार, कानस, त्यातला एक शब्द वर येईना. शेवटी एवढंच निघालं, "शेख, समोर नका उभे राहू. इकडे या. चढायच्या बाजूला."

ते लहानपणापासून घोड्यावर बसलेले. डाव्या अंगाला आले, आणि तिथे आल्यावर त्यांचा हात आपसूक आयाळीवर गेला. आयाळ आपण खजूर कापायच्या जुन्या कोयत्यांची केली, ती हाताला टोचली असेल, पण त्यांनी हात काढला नाही. खांद्याशी उभे राहून ते मानेवरून पुढे बघत राहिले. तो कान त्यांच्याकडे वळलेला होता.

त्यांनी टाळूला जीभ लावून एक आवाज काढला. घोड्याला 'चल' म्हणताना काढतात तो. मग एकदम माझ्याकडे बघितलं, मी ऐकलं की काय ते बघायला. मी जमिनीकडे बघत होतो.

आयाळीवर हात तसाच ठेवून म्हणाले, "बाई फार हट्टी होती." माझा शब्द उचलून त्यांनीही तुम्हाला बाईच म्हटलं.

"जी."

"ती म्हणाली होती मला हे सगळं. मी म्हटलं, घोडे मला शिकवू नकोस." आयाळीवरून हात काढून त्यांनी तळव्याकडे बघितलं. "मझऱ्याच्या गेटात उभी करायची आहे ना, तर एक कर. हिचं तोंड गेटकडे करू नकोस. पाठ कर. येणारा माणूस मागून येऊ दे."

मग दारापाशी जाऊन, मागे न बघता, "यल्ला, क्रेनवाल्याला बोलाव," म्हणाले, आणि गेले.

काल पाहुणे येऊन गेले. एकाने अबू फहदना विचारलं म्हणे, की घोडी उलटी का उभी केलीय? बशीर सांगत होता. मालक त्याला हाताला धरून मागे घेऊन गेले आणि म्हणाले, काहीतरी बोल. मोठा माणूस, लाजला बिचारा. मग सलाम म्हणाला.

आज शनिवार. पाहुण्यांनी खाल्लेल्या खजुरांच्या बिया अजून गेटाशी पडल्यात. सकाळी मी नेहमीसारखा चालत आलो. ऊन पाठीवर होतं. गेटातून आत शिरलो तर समोर घोडीची पाठ, तुमचे माझे सगळे जोड उन्हात उघडे, आणि वर तो डावा कान, माझ्याकडे.

आजूबाजूला कुणी नव्हतं. तरी मी टोपी नीट केली, पट्टा नीट केला. शाळेत उभं राहायचो तसा ताठ उभा राहिलो.

"हजर, बाई."